फाटायला टेंडन होता कुठे?

"टेंडन पूर्ण फाटलाय, सर. मंगळवारी हाडात भोक पाडून बसवतो," सर्जन फोनवर म्हणाला. हा माझा जुना विद्यार्थी. मी शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेला.

"फाटलेली टोकं कुठे आहेत?" मी विचारले.

"एमआरआयमध्ये दिसत नाहीत."

"मग फाटलाय हे कशावरून?"

हा संवाद पुढे त्याने परिषदांमधून सांगितला, तेव्हा प्रश्न त्याच्या तोंडी होते. ते माझे होते.

रुग्ण आमच्याच सोसायटीत भाड्याने राहणारा, अमरावतीचा, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा तरुण. उजवा खांदा दुखत होता. एमआरआयची फिल्म घेऊन तो माझ्याकडे आला, म्हणून मला हे कळले. 'आम्ही सरांना बोलावले' असे सर्जन परिषदांत सांगतो, तेही खोटे आहे. मला कोणीही बोलावले नव्हते.

दंडावर फुगतो तो बायसेप्स. त्याला वर दोन मुळे असतात. त्यांपैकी लांब मुळाचा टेंडन, म्हणजे दोरीसारखा भाग, दंडाच्या हाडावरील खोबणीतून खांद्यात शिरतो. रिपोर्टात लिहिले होते, 'लांब टेंडन दिसत नाही; फाटल्याची शक्यता.' सर्जनने 'शक्यता' तेवढी गाळली.

"खांद्यात कट्‌कन आवाज झाला होता का?" मी त्या तरुणाला विचारले.

"नाही ना जी, सर. दुखणं हळूहळूच वाढलं."

"दंड काळानिळा पडला होता?"

"नाही. पण सर, पुढच्या महिन्यात मला कंपनीकडून परदेशात ऑनसाइट जायचं हाय. ऑपरेशन झालं तर सहा आठवडे हात झोळीत. मॅनेजर तोवर दुसऱ्याचं नाव देऊन टाकीन."

मी त्याला दंड फुगवायला सांगितले. हा टेंडन तुटला की स्नायू सहसा खाली सरकून कोपराजवळ गोळा होतो. इथे गोळा नव्हता. मी त्याला घेऊन सरळ हॉस्पिटल गाठले.

"डाव्या खांद्याची सोनोग्राफी कर," मी सर्जनला म्हणालो.

"डावा दुखत नाही, सर."

"म्हणूनच तो बघायचा."

"सर, तुमची शरीरं तक्रार करत नसत. माझे पेशंट करतात."

"केलीय ना त्याने, उजव्या खांद्याची. फाटल्याची तक्रार तुझी आहे."

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकवायच्या दालनात, एक शिस्त होती. एका बाजूला काही वेगळे आढळले की दुसरी बाजू उघडल्याशिवाय त्यावर मत द्यायचे नाही. जन्मतःच हा टेंडन नसलेले दंड मी दोनदा पाहिले होते. अशा वेळी खोबणही उथळ असते, बहुधा नसतेच. टेंडन नुकता तुटला असेल, तर खोबण मागे राहते. पाणी आटले तरी ओढ्याचे पात्र राहते, तसे.

सोनोग्राफी झाली. डावीकडेही टेंडन नव्हता, खोबणही नव्हती. मग उजवीकडची फिल्म पुन्हा लावली. तिथेही हाड सपाट होते. रिपोर्ट वाचून झाल्यावर हाडाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

"दोन्ही एकदम फाटले म्हणायचे का?" मी विचारले.

 सर्जनने स्वतःच्या हाताने मंगळवारच्या यादीतले नाव खोडले. एवढे श्रेय मी त्याला देतो.

दुखणे निघाले ते खांद्याच्या छतापाशी घासून सुजलेल्या दुसऱ्याच स्नायूचे. ते फिजिओथेरपीने आटोक्यात आले. ठरल्या तारखेला तो तरुण विमानात बसला.

सुरी लावण्यापूर्वी दुसरी बाजू पाहावी. पाच मिनिटे लागतात. निरोगी हाडात पाडलेले भोक भरून यायला फार वेळ लागतो.