कुंकू लागलेलं ड्रॉइंग

मला बोट लागते. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये, पण होडीच्या काठावरून ओकताना माझी सगळी लाज आधीच समुद्रात गेली आहे. आठवीत शाळेला आणि मला एकमेकांचा कंटाळा आला, तेव्हा वडिलांनी मला मासेमारीला नेलं आणि मोसम संपायच्या आत परत किनाऱ्यावर आणून सोडलं. थोरला भाऊ म्हणाला, हा जाळ्यात कमी आणि जाळ्यावर जास्त टाकतो. आतेबहिणीचे यजमान रेल्वेत होते, त्यांची बदली पांढुर्ण्याला झाली होती. नकाशात पाहिलं. तिथून कुठलाही समुद्र सारखाच लांब. मी ट्रंक भरली.

हे ऐंशी सालानंतरचं. पांढुर्ण्यात शेतीची अवजारं आणि लहान यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड आणि तिच्या पोटाशी एक खोली. त्या खोलीत नागपूरहून आलेले इंजिनिअरसाहेब बसायचे. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, मी घाम पुसत सांगितलं. मग त्यांनी आकडे लिहायला लावले. माझे आकडे सुबक यायचे. शाळेने माझ्यावर केलेला तेवढाच उपकार. साहेबांनी मला ठेवून घेतलं आणि मी इतक्या वेळा थँक्यू म्हणालो की शेडमध्ये माझं तेच नाव पडलं. "ओ थँक्यूभाऊ, इकडं ये."

काम असं होतं. साहेब यंत्राचा एकेक भाग पातळ ट्रेसिंग कागदावर शाईने काढायचे, त्यावरचे आकडे मी लिहायचो. हा मूळ कागद एकच, तो माझ्या कपाटात. त्यावरून मी प्रती काढून शेडमधल्या प्रत्येक बेंचवर द्यायचो. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रती उन्हात काढायचो. काचेखाली ट्रेसिंग, त्याखाली पिवळट कागद आणि वरून पांढुर्ण्याचं ऊन. मग कागद अमोनियाच्या डब्यात सोडला की जांभळ्या रेघा उठायच्या. माझे डोळे दिवसभर वाहायचे. नव्या माणसाला वाटायचं, पोरगा घरच्या आठवणीने रडतोय. आठवण यायचीही, पण सगळं पाणी तिच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

साहेबांचा नियम एकच होता आणि तो ते गायत्री मंत्रासारखा म्हणायचे. माप बदललं की मूळ ट्रेसिंगवरचा जुना आकडा ब्लेडने खरवडायचा, नवा लिहायचा आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणात 'ए'चा 'बी' करायचा. मग मी नव्या प्रती वाटायच्या. मात्र जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही, आणि जुनी तिथल्या तिथे फाडायची. "एका भागाची दोन ड्रॉइंगं शेडमध्ये राहिली, तर यंत्र होत नाही, खिचडी होते," असं साहेब म्हणायचे. लोक हसायचे. कागद कसला फाडायचा, मागची बाजू कोरी असते, त्यावर पोरांची गणितं होतात! तरी कुरकुर करत देत होते.

त्या वर्षी मालकांच्या डोक्यात संत्री निवडायचं यंत्र शिरलं होतं. आमच्या भागात संत्र्यांचं काय, माणसांपेक्षा तीच जास्त. यंत्राची कल्पना सोपी होती. लांब रूळ शेजारी शेजारी फिरतात, त्यांच्यातली फट पुढे पुढे रुंदावत जाते. बारकं संत्रं आधी खाली पडतं, मोठं शेवटी. सौंसरचा एक व्यापारी दिवाळीनंतर ते चालताना पाहणार होता. आवडलं तर आणखी मागवणार होता.

मध्ये दसरा आला. दसऱ्याला शेडमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. ड्रिल, हातोडे, वेल्डिंगचा संच, सगळे अंघोळ घातल्यासारखे पुसून ओळीने मांडायचे. पूजा सांगायचे आमचे हेडमिस्त्री. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. त्या वर्षी त्यांना सुचलं, "अरे, काम तं ड्राइंगवरूनच होते ना? मंग थेही हत्यारच झालं." आणि त्यांनी हजर असलेल्यांच्या बेंचवरची संत्र्याच्या यंत्राची ड्रॉइंगं पाटावर मांडली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मी हात जोडून उभा राहिलो. माझ्या आकड्यांना शाळेत कुणी बरोबरची खूण केली नव्हती, इथे थेट कुंकू लागलं होतं.

सुट्टीनंतर साहेबांनी रुळाच्या शाफ्टचं माप बदललं. पहिला शाफ्ट बारीक होता, संत्र्यांच्या वजनाने वाकत होता. आता जाड करायचा, म्हणजे तो ज्या ब्लॉकमध्ये बसतो त्याचं भोकही मोठं. मी नवी 'बी' ड्रॉइंगं घेऊन जुनी आणायला निघालो आणि आधी हेडमिस्त्रींकडे गेलो.

"काका, जुनं द्या. नवं आलंय."

"काऊन? फाडून राहिला का?"

"नियम आहे ना."

"हे पाय, याच्यावर कुंकू हाय. पूजेचा कागद फाडतो? तुमच्या कोकणात फाडत असतीन बापा."

"नाही हो, आमच्याकडेही..."

"मंग? नवं ठेवून जाय तिथं. हे राहू दे भिताडावर."

शेजारचा वेल्डर म्हणाला, "मले लेकरंबाळं हायेत, थँक्यूभाऊ. पहिले तू एक फाडून दाखव. तुले काही झालं नाही तं मी फाडतो." मी कागद हातात घेतला. कुंकवाचा ठिपका माझ्याकडे पाहत होता. फाटेना.

मी जाऊन साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब देवधर्माचे नव्हते, पण दिवाळी तोंडावर होती आणि त्यांना जादा वेळ काम करणारी माणसं हवी होती. "आता सणात तोंड कुठे वाजवायचं? नवी देऊन ठेव आणि सांग, काम नव्यावर करा." मी दिली, सांगितलं. सगळे "हाव, हाव" म्हणाले. नवी ड्रॉइंगं घडी होऊन डब्यांखाली गेली आणि जुनी झेंडूची माळ घालून भिंतीवर राहिली. माप बघायला मान वर केली की दिसायची तीच.

एकटा खरादीवर, म्हणजे लेथवर, शाफ्ट करणारा दादा वेगळा. तो मूळचा लोधीखेड्याचा, बौद्ध. दसऱ्याला बायकापोरं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. त्याच्या खरादीवर कुणी फूल वाहिलं नव्हतं, ड्रॉइंगवर तेलकट बोटांखेरीज कसला टिळा नव्हता. मी जुनं मागितलं, त्याने खिळ्यावरून ओढून दिलं. "फाड. एक तुकडा मले देजो, चहाच्या गिलासाखाली ठेवाले."

यंत्र जोडायचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सौंसरला न्यायचं होतं. सकाळी पहिला शाफ्ट उचलून ब्लॉकला लावला. जाईना. तेल लावलं, जाईना. मिस्त्रींनी लाकडी हातोड्याने दोन दिले. दुसरा घेतला, तोही तसाच.

"कोणाचे हायेत शाफ्ट?" मिस्त्री ओरडले. "याचे ना? पाह्य, फ्रेम जुळली, ब्लॉक जुळले, समद्याइचं जुळून राहिलं. एकट्या याचंच नाही जुळत."

दादा खरादीला टेकून विडी ओढत होता. "समदे मिळून चुकले तं बरोबर होते का, काका?"

"भैताडासारखा बोलू नोको. नागपूरची हवा लागली का तुले?"

"लागली ना. मोठ्या शहराची हवा, शाफ्ट फुगले."

शेड हसली, मिस्त्री आणखी पेटले. मी पळत जाऊन कपाटातून मूळ ट्रेसिंग आणलं आणि साहेबांनी ते जमिनीवर पसरलं. त्रिकोणात 'बी'. शाफ्ट बरोबर, बाकी सगळी शेड पूजेबरहुकूम चुकलेली. मी दादाकडे कौतुकाने पाहत होतो, तर तो म्हणाला, "मी काही हुशार नाही रे भाऊ. मी हजर नव्हतो."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी भिंतीवरची माळ घातलेली ड्रॉइंगं पाहिली, डब्याखालची घडी पाहिली आणि विचारलं, "कागद कोण वाटते इथं?"

सगळी बोटं माझ्याकडे वळली. साहेब पुढे झाले. "मीच म्हटलं होतं, राहू दे म्हणून."

"तुमाले काढलं तं यंत्र कोण बनवीन, साहेब? याले काढलं तं ऊन थोडीच पडाचं थांबते?" मालक माझ्याकडे वळले. "उद्या सौंसरले हे यंत्र चाललं नाही तं आपली ट्रंक उचल आणि समुद्र पाह्य."

सपाट जमिनीवर, समुद्र इतक्या लांब असताना, मला तिथल्या तिथे बोट लागली. डोळ्यांपुढे होडी, भाऊ आणि त्याचं ते जाळ्याचं वाक्य. परत गेलो तर ते मला जन्मभर ऐकायचं होतं, तेही ओकता ओकता.

साहेबांनी हिशेब केला. भोकं लहान पडली आहेत, ती मोठी करता येतात. उलटं झालं असतं तर मेलो असतो. संध्याकाळपर्यंत जमेल. "मिस्त्री, घ्या."

मिस्त्री हलेनात. "साहेब, वरतं पूजेचं एक म्हणते, खालतं तुमचं दुसरं. पूजेच्या मापाले खोटं पाडून मी भोक कसं पाडू? माह्या हाताले नाही होत."

माणूस आडमुठा नव्हता, खरंच घाबरला होता. ते पाहून मी जास्त घाबरलो आणि घाबरल्यामुळे बोलून गेलो. "काका, फाडायचं नाही ना? मग बुडवू."

"काय?"

"आमच्याकडे गणपती आणतात. डोक्यावर बसवतात, मोदक खाऊ घालतात, आणि दिवस भरला की नेऊन बुडवतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की देव खोटा होता. त्याचे दिवस भरले, एवढंच. या 'ए'चेही भरले."

मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आरती लागंन मंग."

"करू ना."

दादाने विडी विझवली. "आरतीले मी काही येत नाही. तवरक ब्लॉक मशीनवर चढवतो."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मिस्त्री, डोक्यावर पाट, पाटावर जुनी ड्रॉइंगं. मागे वेल्डर थाळी वाजवत, त्याच्यामागे आम्ही आणि सगळ्यात मागे साहेब, आपण यांच्यातले नाही अशा चेहऱ्याने. बाजारातल्या लोकांनी विचारलं, कोणता देव? वेल्डर म्हणाला, "संत्र्याचा." दोघातिघांनी नमस्कारही केला. जाम नदीला पाणी बेताचं होतं. कागद तरंगायला लागले, तेव्हा कुणीतरी पोळ्यानंतरच्या गोटमारीत, म्हणजे नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेत, उरलेला एक गोटा आणून बांधला. कुंकू पाण्यात उतरलं. रेघा जागच्या हलल्या नाहीत. प्रती मी पक्क्या काढल्या होत्या. बुडबुडे आले आणि सवयीने सगळे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"नको, नको!" साहेब मागून किंचाळले.

परत आल्यावर मिस्त्रींनी हात धुतले, डब्याखालचं 'बी' काढून सपाट केलं आणि दिवस मावळेपर्यंत असं काम केलं की कुणाची हाक मारायची हिंमत झाली नाही. दादा आणि ते एकाच मशीनवर होते आणि सबंध वेळ भांडत होते. शाफ्ट एकामागून एक, लोण्यात सुरी जावी तसे बसत गेले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत यंत्र, वर आम्ही, आणि खड्डा आला की यंत्राला मिठी. सौंसरच्या व्यापाऱ्याने अंगणात संत्र्यांचा ढीग लावून ठेवला होता. त्याने हौसेने नारळ आणला, तबक आणलं, आणि कुंकवाची डबी उघडताच साहेबांनी हातातलं ड्रॉइंग पटकन शर्टाच्या आत सारलं.

यंत्र सुरू झालं. रूळ फिरले, संत्री डुलत पुढे निघाली. बारकं पहिल्या खोक्यात पडलं. मधलं मध्ये. मोठं शेवटी. एक मधेच उडालं आणि अंगणाबाहेर नालीत गेलं.

व्यापारी म्हणाला, "हे कोणत्या साइजचं होय?"

"पळपुटं," दादा म्हणाला. "हरेक ढिगात एक राहते."

व्यापारी हसला. हसताना त्याने पुन्हा एक टोपली ओतायला सांगितली, मग आणखी एक, आणि मालकांना हाताला धरून आत चहाला नेलं.

बऱ्याच वेळाने मालक बाहेर आले. मी टेम्पोजवळ उभा होतो. ट्रंक भरायची की नाही हे विचारायचा धीर नव्हता. ते सरळ माझ्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत सुरू झाले. "ध्यान देऊन ऐक. पुढच्या दसऱ्याले समदे कागद कपाटात टाकजो, कुलूप लावजो अन् चाबी माह्या हातात देजो. एकही कागद बाहेर दिसला, कोणं त्याले फूल दाखवलं, तं तुले नदीत सोडीन. पाठीले गोटा बांधून. समजलं का, बैलोबा?"

"हो मालक. थँक्यू मालक."

ते पुढे जाऊन बसले. दादाने मला वर ओढून घेतलं. "थँक्यू कायले म्हणते बे? थो शिव्या देऊन राहिला तुले."

"देऊ दे," मी म्हणालो. "पुढच्या दसऱ्यापर्यंत देऊ दे."