आरसे चालले उत्तरेला

दुकान वडिलांनी काढलं तेव्हाच फरशीत एक बारीक भेग होती. दुकान केस कापायचं. पत्र्याचं छप्पर, फरशीला बोल्टने आवळलेल्या तीन खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर तीन आरसे. वडील दर वर्षी भेगेत सिमेंट भरायचे आणि वर्ष सरायच्या आत ती पुन्हा तोंड उघडायची. पुढे वडील गेले आणि दोघा भावांचं बिनसलं. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता येत नाही. थोरला म्हणतो वस्तऱ्यावरून, धाकटा म्हणतो थोरल्याच्या स्वभावावरून.

वाटणी करायला मामा आले. मामा कायम घाईत. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, भेगेवर काठी टेकवली आणि म्हणाले, "हद्द आयतीच आखलेली आहे की! अलीकडचं धाकट्याचं, पलीकडचं थोरल्याचं. चला, मला निघायचंय."

मामा गेल्यावर दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. पलीकडे आरसे, आरशांखालचा दगडी ओटा आणि कात्र्यांचा खण. अलीकडे खुर्च्या, पंखा आणि दार. थोरल्याकडे गिऱ्हाइकाला टेकायला जागा नाही, धाकट्याकडे त्याला तोंड दाखवायला आरसा नाही. पण मामांना परत बोलवायचं म्हणजे कोणीतरी आधी नमतं घ्यायचं. ते कोण घेणार?

दार धाकट्याच्या वाट्याचं, म्हणून थोरला रोज भिंतीतल्या खिडकीतून आत उतरायचा. आधी डबा, मागून तो. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की थोरला भेगेपलीकडे समोर उभा राहायचा आणि धाकटा मागे. कानाच्या पुढचं सगळं थोरल्याचं, मागचं सगळं धाकट्याचं. कात्री थोरल्याच्या खणातली, ती गिऱ्हाइकाच्या हातून मागे यायची. आपसात बोलायचं नाही, त्यामुळे निरोपही गिऱ्हाइकानेच पोचवायचे.

"त्याला म्हणावं, कानाच्या वर हात लावू नकोस," थोरला म्हणायचा.

"त्यांना सांगा, कल्ले माझ्या बाजूने चढलेत," मागून धाकटा.

गिऱ्हाईक बिचारं मान न हलवता दोन्हीकडे बोलायचं. गंमत अशी की दुकान चांगलं चालायचं. एका डोक्याला दोन कारागीर दुसरीकडे कुठे मिळणार?

असंच बरेच दिवस चाललं. मग धाकट्याला वाटायला लागलं, काहीतरी चुकतंय. पूर्वी गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याचा चेहरा बरोबर आरशाच्या मध्यावर यायचा. आता तो उजवीकडे सरकला होता. वर्षा-दोन वर्षांनी माणसाचा एक कानच दिसेनासा झाला. गिऱ्हाइकं मान वाकडी करून बसायला लागली, आणि कितीही सरळ कापले तरी केस तिरके व्हायला लागले.

"त्याला विचारा, खुर्च्या कशाला सरकवतोय," थोरला म्हणाला.

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बोल्ट दाखवले. बोल्टवर वडिलांच्या हातचा रंग तसाच होता. "त्यांना सांगा, बोल्ट बघा आणि मग तोंड उघडा! तेच आरसे ढकलतायत. चोरून. इंच-इंच करून."

आरसे भिंतीत चिणलेले होते, हे खुर्चीत बसलेल्या टपालवाल्या काकांनी दोघांच्याही लक्षात आणून द्यायचा प्रयत्न केला. पण ते फक्त निरोप्या होते, त्यांचं कोण ऐकतो! धाकट्याच्या बायकोने तर सरळ विचारलं, "अहो, भावजी भिंत ढकलतात? परवा त्यांना डबीचं झाकण उघडेना, ते मला जाऊबाई सांगत होत्या." जावा-जावांचं बोलणं चालूच होतं. त्यांना कोणी वाटून दिलं नव्हतं.

त्याच सुमाराला एक बाई रस्त्यावर फिरताना दिसायला लागल्या. फूटपाथची कड एका जागी मोडल्यासारखी सरकली होती, तिथे त्या गुडघ्यावर बसून माप घ्यायच्या. पुढे कुंपणाची रांग मध्येच वाकली होती, तिथेही. मापं घेत-घेत त्या दुकानात शिरल्या, भेग बघितली, आरसे बघितले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की धाकट्याला वाटलं, बाईंना दुकानच विकत घ्यायचंय.

त्या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक होत्या. खुर्चीत बसूनच त्यांनी समजावलं. आपल्या पायाखाली खडकाचे अवाढव्य तुकडे आहेत. ते जागचे हलतात, नखं वाढतात तितक्या हळू. त्यातले दोन इथे एकमेकांना खेटून सरकतायत आणि त्यांची कड बरोबर या दुकानातून जाते. "आरशांची बाजू उत्तरेला चाललीय, खुर्च्यांची दक्षिणेला."



"म्हणजे हलतोय कोण?" थोरल्याने विचारलं.

"दोघेही."

"पण आधी कोण हलला?"

बाईंना याचं उत्तर देता येईना. थोरला गालात हसला. "त्याला म्हणावं, बाईंनासुद्धा तुझं नाव घ्यायला संकोच वाटतोय."

बाईंनी भेगेवरून एक तार ताणून बसवली. तारेचं एक टोक ओट्याला, दुसरं मधल्या खुर्चीच्या पायाला आणि मध्ये काट्याची तबकडी. जमीन सरकली की काटा सरकायचा. भावांना नादच लागला. सकाळी दुकान उघडलं की धाकटा दारातून आणि थोरला खिडकीतून आधी काट्याकडे बघायचे, आणि काटा पुढे गेलेला दिसला की एकमेकांकडे रागाने.

आणि एके दिवशी काटा थांबला.

आठवडा गेला, महिना गेला, काटा ढिम्म. थोरल्याला वाटलं, धाकटा अखेर वठणीवर आला. धाकट्याला वाटलं, दादाला उपरती झाली. उन्हाळा संपता-संपता थोरला टपालवाल्या काकांच्या डोक्यावरून एकदम म्हणाला, "पंखा जरा वाढव रे." धाकट्याच्या हातातला कंगवा पडला. इतक्या वर्षांत पहिलं थेट वाक्य! त्याने पंखा असा वाढवला की कापलेले केस दुकानभर उडाले. त्या दिवसापासून दोघं बोलायला लागले. आधी हवापाण्याचं, मग वडिलांच्या आठवणी.

बाई आल्या, त्यांनी तबकडी बघितली आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"हे वाईट झालं," त्या म्हणाल्या. "खालचे तुकडे थांबलेले नाहीत. फक्त ही कड अडकलीय. रोज थोडं-थोडं सुटत होतं ते आता आत साठतंय. साठत-साठत एकदम सुटलं, की तोच भूकंप. आरसे पट्ट्यांनी आवळा. आणि हलायला लागलं तर बाहेर पळू नका, दगडी ओट्याखाली शिरा."

धाकट्याला मनापासून वाईट वाटलं. "बाई, आमचं आत्ता कुठे जमतंय, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी?"

तरी थोरल्याने आरशांना पट्ट्या मारल्या. बाईंचं मन मोडायला नको म्हणून.

भूकंप आला तो भर दुपारी. टपालवाले काका तोंडभर साबण लावून बसले होते. आधी बाहेरची कुत्री भुंकायला लागली, मग जमिनीखालून मालगाडी जावी तशी घरघर आली. बाटल्या ओट्यावरून उड्या टाकायला लागल्या. पत्रे खडखडले. फरशी पाण्यासारखी हलली. थोरला ओट्याखाली शिरला, काकाही साबणासकट शिरले. धाकटा भेगेच्या अलीकडे तोल सावरत उभा.

"ये ना आत!" थोरला ओरडला.

"तुझ्या हद्दीत?"

"अरे, हद्द चाललीय कुठल्या कुठे! ये म्हणतो ना!"

धाकट्याने उडी मारली आणि ओट्याखाली दादाच्या कुशीत जाऊन पडला. त्याच क्षणी कड सुटली. कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि समोरच्या तिन्ही खुर्च्या, दारासकट आणि दारातल्या उन्हासकट, डावीकडे निघून गेल्या. काकांना राहवेना. "दोघांपैकी कोणीतरी सांगा त्या खालच्या तुकड्यांना," ते डोळे मिटून म्हणाले, "की पुरे आता."

थांबल्यावर तिघं बाहेर आले. पाण्याची उंच टाकी कलंडली होती, रस्ता मध्येच तुटून बाजूला सरकला होता, विहिरींचं पाणी गढूळ झालं होतं. शाळेची भिंत पडली होती, पण त्या दिवशी सुट्टी होती. काही लोकांचे हातपाय मोडले. जीव मात्र सगळ्यांचे वाचले, कारण त्या भागात घरं बैठी होती. थोरल्याचं घर खचलं होतं. वहिनीच्या हातातलं बोचकं धाकट्याने आपल्या डोक्यावर घेतलं आणि तो आपल्या घराकडे चालायला लागला.

दुकान फाटलं होतं, पण पत्रे चुरगळून का होईना टिकले होते. पट्ट्यांमुळे आरसेही शाबूत. भिंत उत्तरेला अशी सरकली होती की दुसरा आरसा पहिल्या खुर्चीसमोर नेमका आला होता आणि तिसरा दुसरीसमोर. पहिला आरसा मधली भिंत फोडून शेजारच्या चष्मेवाल्याच्या दुकानात पोचला होता. चष्मेवाला समोर उभा राहून नव्या फ्रेमी डोळ्यांवर चढवून बघत होता. "देवानेच धाडला," तो म्हणाला. "जो माझ्या दुकानात, तो माझा."

"आमचा आहे!" दोघं भाऊ एका आवाजात म्हणाले.

तो वाद अजून मिटलेला नाही. दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून भांडतात आणि त्यांना एक दिवसही चुकवून चालत नाही. जमीनही अधूनमधून थरथरते. बाई म्हणतात, मोठ्या धक्क्यानंतर असे लहान धक्के येत राहतात, खालचं सगळं नव्या जागी बसायला वेळ लागतो.

तिसऱ्या खुर्चीसमोर आता कोरी भिंत आहे. तिथे गिऱ्हाईक बसत नाही. एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा थोरला त्या खुर्चीत जाऊन बसला.

"सगळे काप," तो म्हणाला. "पुढचेही."

धाकट्याने टॉवेल झटकून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. "समोर आरसा नाही, दादा. कसे कापतोय ते तुला दिसायचं नाही."

"म्हणूनच इथे बसलोय," थोरला म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.