सपनाची शेवटची फेक

सपना इंगोले शेलूबाजारजवळच्या आमच्या गावची. सकाळी माझ्या मैदानावर पोलीस भरतीचा सराव, मग दिवसभर टरबुजाच्या वाडीत मजुरी. धावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गाडी अडायची ती गोळाफेकीत. सहा मीटरला पूर्ण गुण, आणि ही साडेचारवर अडकलेली. शिवाय फेकताना पाय रेषेबाहेर जायचा. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. म्हणजे ही संधी शेवटचीच.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. आवाज मोठा, डोकं गरम. "रेषेकडं बघ! पायाकडं बघ!" असं रोज बोंबलायचो. ती बघायची आणि नेमकी तेव्हाच चुकायची. मला वाटायचं, पोरीचं लक्षच नाही.

मे महिन्यात टरबूज घ्यायला वाडीवर गेलो. सपना खालून टरबुजं फेकत होती आणि तिचे वडील उकंडराव पिकअपवर उभे राहून झेलत होते. चार-चार किलोची टरबुजं, आमच्या गोळ्याच्याच वजनाची. एकही फुटत नव्हतं.

"हातातल्या टरबुजाकडं बघत नाहीस काय गं?" मी विचारलं.

"ते कायले पाहू, सर? मी बाबाच्या हाताकडे पाह्यतो. टरबूज आपोआप जाते."

मी टरबूज घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सहा मीटरच्या पलीकडं बांबू रोवला, टोकाला लाल ओढणी बांधली आणि तिला म्हणालो, "पाय विसर. ओढणीवरची नजर हलवू नको." आठवड्यात पाय रेषेच्या आत राहू लागला. महिन्याभरात गोळा सहाच्या पुढं गेला.

भरतीच्या मैदानावर ओढणी कोण बांधणार? पहिल्या फेकीला सपना घाबरून पायाकडं बघत बसली. फाऊल. दुसरी जेमतेम पाच मीटर. तिसरी सहा मीटर दहा.

"सर, समोर टेप धरून हवालदार उभा होता," संध्याकाळी ती सांगू लागली. "त्याच्या टोपीवरच नजर लावली मी. बिचारा दोन पावलं मागं सरकला!"

आम्ही पोट धरून हसलो. पुढं निवड यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा मी चारचौघांत रडलो. लोक म्हणाले, सरांना आनंद झाला.

झालाच होता. पण मला सपनाच्या आधी माझ्याच मैदानावर सराव करणारी सुचिता आठवत होती. दोन वर्षांपूर्वी भरतीत तिचा गोळा वीतभरानं कमी पडला आणि तिचं वय संपलं. आता रिठदला सासरी सोयाबीन निंदते. तिलाही मी प्रत्येक फेकीला ओरडायचो, पायाकडं बघ. गुणी पोरगी. माझा एकही शब्द तिनं खाली पडू दिला नाही.