ट्रंककॉलवाल्या बाईंचा रिकामा खिळा

आमच्या खामगावच्या टेलिफोन ऑफिसातल्या त्या बाईंचं नाव मले अजून माहीत नाही, पण काय बाई हायेत राजेहो! तोंडात लवंग, कानाले हेडफोन, मान म्हणून वर करत नाहीत. नागपूरले लाइन एकच, म्हणून ट्रंककॉलच्या चिठ्ठ्या त्या भिंतीवरच्या तीन खिळ्यांले अडकवतात. एका माणसाचा एक कॉल झाला, की पुढच्या माणसाचा लावतात. खिळे भरले की नवीन चिठ्ठी बंद. पण एक खिळा मुद्दाम रिकामा ठेवतात.

काल कापसाचे एक शेटजी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच घेऊन आले. बाईंनी दोनच घेतल्या.

"अवो बाई, तो खिळा रिकामा हाये ना!"

"तो एकच कॉल करणाऱ्यासाठी हाये, शेटजी."

तेवढ्यात मी धापा टाकत पोचलो. ताई नागपूरले बाळंतपणाले गेलेली, अन् आदल्या दिवसापासून खबरच नाही! बाईंनी माझी चिठ्ठी त्या खिळ्याले लावली. शेटजींचा एक कॉल झाला अन् लगेच माझा लागला.

"हॅलो! भाऊजी! हॅलो!" मी असा बोंबललो, का बाहेर टांग्याचा घोडा बिचकला. "ताई बरी हाये" एवढं ऐकू आलं अन् तीन मिनिटं संपली. बाईंनी खटकन बोर्डातली दोरी उपटली.

"बाई, काऊन तोडलं? मुलगा का मुलगी तं राह्यलंच!"

"पोरगी झाली," बाई मान वर न करता म्हणाल्या. "भाऊजी दोनदा बोलले. तुम्हीच हॅलो हॅलो करून राह्यले होते. सरका आता, शेटजींचा दुसरा कॉल हाये."