वैजनाथअप्पाचं टेबल-खुर्चीचं होटेल

आमच्या अदालतीतली दोन माणसं कुठंही भेटू द्या, लग्नात भेटोत की मयताला, थोड्या वेळानं बोलणं वैजनाथअप्पाच्या होटेलावर येतंच. एकाला एक किस्सा आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दोन. ऐकणारा म्हणतो, एवढं सगळं लक्षात कसं ठेवता? आम्ही काही मुद्दाम ठेवलं नाही. आम्ही तिथं फक्त जेवायला जायचो, अन् तेवढंच कधी धड झालं नाही.

होटेल बीडला अदालतीसमोर होतं. वैजनाथअप्पा मूळचा किराणा दुकानदार. सोयऱ्याच्या लग्नाला हैदराबादला गेला, तिथं एका होटेलात जेवला, अन् परत आला तो वेगळाच माणूस होऊन. किराणा बंद केला. गुळाच्या ढेपा होत्या तिथं टेबलं-खुर्च्या मांडल्या, भिंतींना निळा रंग दिला, दाराला पडदा लावला. बीडात तोवर बाहेर जेवायचं म्हणजे खानावळ, पाट, पत्रावळ अन् वाढप्याची आरोळी. अप्पाला तो शब्दसुद्धा सहन होत नसे. "खानावळ म्हनू नका," तो बजावायचा. "होटेल म्हना."

मी अदालतीत नकलनवीस, म्हणजे निकालांच्या नकला उतरवून देणारा. माझ्यासोबत गणपतराव वकील असायचे. पेशीची तारीख असली की लिंबागणेशकडचे बापूसाहेब देशमुख येऊन मिळायचे. दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघं पडदा सारून आत शिरायचो, अन् चिडून बाहेर पडायचो.

*

बापूसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीजवळ नुसतेच उभे राहिले. गावात त्यांच्या बरोबरीनं कोणी बसत नसे. इथं वकिलाची खुर्ची, माझी खुर्ची अन् त्यांची खुर्ची, सगळ्या एका मापाच्या.

अप्पानं ओळखलं. आतून एक घोंगडी आणली, घडी घालून बापूसाहेबांच्या खुर्चीवर टाकली. बापूसाहेब बसले. आमच्यापेक्षा वीतभर उंच झाले, चेहऱ्यावर समाधान आलं. पण आता गुडघे टेबलाखाली जाईनात. खुर्ची मागं घेतली तर हात ताटापर्यंत पुरेना. शेवटी तिरके बसून, मान वळवून त्यांनी कसंबसं उरकलं. धोतरावर आमटीचा ओघळ लागला तो वेगळाच.

अप्पा हात पुशीत आला. "कसं काय वाटलं जेवन?"

"चांगलं हाय," बापूसाहेब म्हणाले. "पन लई लांब हाय."

*

गिऱ्हाईक बसलं की आधी विचारायचं, काय घेणार. ही पद्धत अप्पानं हैदराबादला पाहिली होती. त्यामुळं आम्ही बसलो की तो खांद्यावरचा पंचा नीट करून समोर उभा राहायचा. "काय घेनार?"

गणपतराव बिचारे खरंच सांगायचे. "भरलं वांगं आहे का?"

"आज न्हाई."

"मेथी?"

"संपली."

"मग आमटी तरी?"

"ती उद्या."

"अहो, मग आहे काय?"

"पिठलं."

"एकच पदार्थ असताना विचारता कशाला?"

"इचारल्याबिगर वाढनं बरं दिसत न्हाई, वकीलसाहेब."

असं चार-आठ दिवस चाललं. मग गणपतरावांनी ठरवलं की आता वेळ घालवायचा नाही. दुसऱ्या दिवशी आत शिरतानाच त्यांनी सांगून टाकलं, "अप्पा, पिठलं आणा."

अप्पाचा चेहरा पडला. "आज पिठलं न्हाई," तो म्हणाला. "आज वांगं केलंय."

*

एकदा माझे सासरे, म्हणजे मामा, कामानिमित्त केजहून आले. जावई बीडात कसा राहतो हे त्यांना दिसावं म्हणून मी त्यांना होटेलात नेलं. ही माझी चूक.

अप्पानं चिनी मातीच्या मोठ्या फुलाफुलांच्या ताटल्या मागवल्या होत्या. फुलं झाकली जाऊ नयेत म्हणून तो ताटलीच्या मधोमध थोडंसंच वाढायचा. मामांसमोर ताटली आली. भाताची एक मूद, तिच्यावर वरणाची धार, कडेला लिंबाची फोड अन् भोवती सगळी फुलंच फुलं.

मामांनी डोळे भरून पाहिलं. तळहातावर पाणी घेऊन ताटलीभोवती फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. मग हात तसेच जोडून बसून राहिले. भात निवायला लागला.

"मामा, सुरू करा," मी म्हणालो.

"नैवेद्य दाखवून झाला," मामा म्हणाले. "आता आपली ताटं येऊ द्या."

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "जावईबापूला घरी तरी पोटभर वाढतीस ना?"

*

गणपतरावांकडं दोघा भावांतला बांधाचा दावा होता. वकीलसाहेब थोरल्याकडून लढत होते. बाप गेल्यापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. गावात एक समोरून आला की दुसरा गल्ली बदलायचा. दावा चांगला रंगला होता, अन् गणपतरावांना निकालाची खात्री होती.

एका पेशीला दोघं भाऊ नेमके एकाच वेळी होटेलात शिरले. एकच टेबल रिकामं. दोघंही बाहेर वळले, तसा अप्पा आडवा आला. "आलेलं गिऱ्हाईक उपाशी गेलेलं मला चालत न्हाई," म्हणत त्यानं दोघांना धरून समोरासमोर बसवलं. आम्ही शेजारच्या टेबलाला. गणपतराव अप्पाला खुणा करकरून दमले, पण अप्पाचं लक्ष नाही.

दोघं ताटात मान घालून जेवत होते. टेबलावर मिठाची वाटी एकच होती. थोरल्यानं ती पुढं ओढली, तसा धाकटा मान वर न करता म्हणाला, "नको घिऊ दादा. आमटीत मीठ हायेच. तुला सोसत न्हाई."

थोरल्याचा हात वाटीवरच राहिला. मग त्यानं वाटी बाजूला सारली. "तुझ्या ध्यानात हाय व्हय," एवढंच तो म्हणाला. पुढं दोघांत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण हात धुऊन दोघं सरळ आमच्या टेबलापाशी आले. थोरला म्हणाला, "वकीलसाहेब, दावा काढून घ्या."

गणपतराव आठवडाभर अप्पाशी बोलले नाहीत. त्यानंतर नवा अशील आला की ते पहिली अट घालायचे. पेशीला येताना भाकरी घरून बांधून आणायची.

*

स्वयंपाक अप्पाची बायको गंगाबाई करायची. चूल मागच्या खोलीत. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तेवढीच ओळख.

बाजाराचा दिवस होता, होटेल भरलेलं. अप्पानं बापूसाहेबांसमोर भाकरी आणली. तिचा काठ जरासा फाटलेला. बापूसाहेब हात घालणार, तोच अप्पानं ती उचलली अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं आत बघून म्हणाला, "काठ फाटलाय. परत."

दुसरी आली. तीही परत. तिसरी आली. अप्पानं ती उजेडात धरली. "हे होटेल हाय," तो ओरडला, "शेतावरची न्याहारी न्हाई. परत."

आतला थापण्याचा आवाज थांबला.

गंगाबाई बाहेर आली. डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत पिठाचे. कोपऱ्यातलं एक टेबल नुकतंच मोकळं झालं होतं. तिनं खुर्ची ओढली अन् बसली. बीडात बाईमाणूस असं होटेलात खुर्चीवर बसलेलं आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

"आत जा," अप्पा हलक्या आवाजात म्हणाला. "लोकं बसलेत."

"मी बी बसलेय."

"चूल पेटलेली हाय."

"मंग वाया घालू नका. सकाळधरनं पोटात काय न्हाई माझ्या. भाकरी वाढा."

अप्पा जागचा हलेना. सगळ्यांच्या नजरा बापूसाहेबांकडं गेल्या. ते उठले असते तर खेड्यावरून आलेला एकूण एक माणूस उठला असता, अन् उद्यापासून होटेलात कोणी फिरकलं नसतं. हे अप्पालाही कळत होतं.

बापूसाहेबांनी मिशी पुसली. बाईकडं पाहिलं नाही, अप्पाकडं पाहिलं.

"अप्पा," ते म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय. उभे कशापायी?"

अप्पा आत गेला. परातीचा आवाज झाला. थाप, थाप, मग काहीच नाही, मग परत थाप. धूर बाहेर आला, त्यामागून खोकला आला. बऱ्याच वेळानं अप्पा आला, कपाळाला पीठ लागलेलं, अन् भाकरी तिच्यापुढं ठेवून बाजूला उभा राहिला.

गंगाबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली, दाराच्या उजेडाकडं धरली अन् गोल फिरवून सगळी नीट पाहिली.

"काठ फाटलाय," ती म्हणाली. "परत."

अप्पा भाकरी घेऊन आत गेला. आमची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. समोर अदालतीची घंटा झाली, तरी एकही माणूस उठला नाही.