पेन्सिलीनं खोडलेली नावं

जबलपूरच्या कॉलेजात मी व्यूहरचना हा विषय शिकवतो. शोधनिबंधासाठी अधारतालच्या एका खासगी कारखान्यातल्या मॅनेजरला भेटलो. समोर कामगारांची यादी ठेवून ते पेन्सिलीला टोक काढत होते, टोक असतानाही.

"स्ट्रॅटेजी म्हणजे तुमच्या मते काय?" मी विचारलं.

"वरून तो शब्द आला, की मला नावं खोडायची असतात, सर. पेनानं हिंमत होत नाही. पेन्सिलीनं खोडतो, मग रबर घेऊन बसतो. पण एकाला वाचवलं, की दुसऱ्याला खोडावंच लागते. आठ दिवसांपासून हेच करून राहिलो. चलो, लिहा तुम्ही."

मी लिहून घेतलं. निबंधात त्याला 'लवचिक अंमलबजावणी' असं नाव दिलं. आता मुलं परीक्षेत तेच लिहितात, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देतो.