पोकळ मुद्गल

पुलगावच्या मिलमध्ये नोकरी लागली, पाठोपाठ मुलगी झाली आणि माझा आखाडा सुटला. व्यायाम घरीच करायचा ठरवून मी मुद्गलांची जोडी घ्यायला गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. मला बाभळीची जड जोडी हवी होती. आखाड्यात मी तशीच फिरवत असे.

त्यानं जोडी दाखवलीच नाही. "वेळ किती भेटते तुमाले?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मुलगी उठायच्या आधी जेमतेम पंधरा मिनिटं.

"मंग जड जोडी कोपऱ्यात उभी राहीन. मी करून देतो ते न्या."

मला रागच आला. माझी ताकद हा कोण ठरवणार? पण आठवड्यानं त्यानं जोडी हातात दिली, तेव्हा मी ती उलटून पाहिली. प्रत्येक मुद्गल बुडाकडून पोखरलेला होता आणि त्याला लाकडाचं घट्ट बूच बसवलेलं होतं.

"जोर वाढला का या, रेती भरून देईन," तो म्हणाला.

इतकं नेमकं डोकं मी मिलमधल्या मिस्त्र्यांतही पाहिलं नव्हतं. त्या जोडीमुळे माझी पंधरा मिनिटं कधी चुकली नाहीत, पण रेती भरायला काही मी गेलो नाही. शेजारी उभी राहून मुलगीही फिरवायला शिकली.

ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी म्हणाली, "बाबा, हे हलके लागून राह्यले." दोन्ही खांद्यांवर एकेक मुद्गल घेऊन ती सुताराकडे निघाली. मी रिकाम्या हातांनी तिच्या मागून चालत होतो.